ओपन सोर्सच्या संस्थांना वर्गणी द्यायची तर कुणाला, आणि तिथं मत कुणाचं?

विश्रामबागकर

नमस्कार मंडळी. सांगलीत विश्रामबागेत आमचं दोन खोल्यांचं ऑफिस आहे. सहा जण आहोत. पतसंस्था, हळदीची अडत दुकानं आणि दोन दूध संस्था यांचं सॉफ्टवेअर आम्ही करतो. खाली लिनक्स ही संगणक चालवणारी प्रणाली, त्यावर पोस्टग्रेस हा डेटाबेस, त्यावर पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा आणि तिच्यातला जँगो हा वेब सॉफ्टवेअरचा तयार सांगाडा. ज्याच्यावर आमच्या सहा घरांच्या चुली पेटतात त्यातलं काहीच आम्ही विकत घेतलेलं नाही; सगळं ओपन सोर्स, म्हणजे कोड सगळ्यांना खुला. हे इतकी वर्षं माहीत होतं, पण कधी मनाला लागलं नव्हतं.

दिवाळीच्या आधी एका पतसंस्थेच्या कऱ्हाड शाखेतून फोन आला, "साहेब, पावतीवर गावाचं नाव फुटतंय." गेलो. काउंटरपाशी एक आजोबा पावती डोळ्यांजवळ धरून उभे होते. पावतीवर 'कऱ्हाड'च्या जागी 'कर्हाड' छापलेलं. ऱ जाऊन हच्या डोक्यावर रफार बसलेला. रक्कम बरोबर, खाते नंबर बरोबर. तरी आजोबा पावती घेईनात. म्हणाले, "आमच्या गावाचं नाव असं नसतंय. कुणी बोगस म्हणलं तर?" त्यांचं चूक नव्हतं. शेवटी क्लार्कनं शिक्का मारून पेनानं नाव दुरुस्त केलं आणि खाली सही केली. त्या दिवशी तिनं अशा साठ-सत्तर पावत्या केल्या.

शोधल्यावर सापडलं ते असं. युनिकोड म्हणजे प्रत्येक अक्षराला संगणकासाठी क्रमांक देणारं जागतिक प्रमाण. त्यात ऱ हे स्वतंत्र अक्षर आहे, पण 'र आणि खाली नुक्ता' अशी त्याची फोडही वैध आहे. आम्ही पीडीएफ बनवायला वापरतो ती एक छोटी लायब्ररी (दुसऱ्यानं लिहिलेला तयार कोड) नव्या आवृत्तीत आधी अक्षरांची फोड करत होती आणि नंतर नुक्ता गाळत होती. नुक्ता गेला की उरतो साधा र, आणि साध्या रचा रफार होतो.

ही लायब्ररी सांभाळतो एकच माणूस. दुसऱ्या खंडात राहतो, दिवसा नोकरी करतो, रात्री हे काम. मी पावत्यांचे तीन फोटो पाठवले. त्याचं उत्तर आलं, "मला ही लिपी वाचता येत नाही. तिन्हींतलं बरोबर कोणतं ते सांगा, मी करतो." चार दिवसांत करून दिलं. पैसे किती पाठवू विचारलं तर म्हणाला, घेण्याची काही सोयच केलेली नाही.

तेव्हापासून हे डोक्यात आहे. वर्षाकाठी थोडी रक्कम बाजूला काढायची असं आम्ही सहा जणांनी ठरवलंय. प्रश्न असा, की ती द्यायची कुणाला? लिनक्स फाउंडेशन, अपाचे, एक्लिप्स अशी मोठी नावं ऐकून आहे. त्या संस्था नेमकं काय करतात, आणि आमचे पैसे त्या रात्री जागणाऱ्या माणसापर्यंत पोचतील का? जाणकारांनी सांगावं.

---

कुपवाडकर

चांगला धागा. मी वालचंदचा, सध्या पुण्यात क्लाउडच्या कामात आहे. या संस्थांशी रोजचा संबंध येतो म्हणून जरा सविस्तर लिहितो.

सगळ्यांना 'फाउंडेशन' म्हणतात म्हणून त्या एकसारख्या वाटतात, पण मुळात दोन जाती आहेत आणि अमेरिकेच्या करकायद्यातच त्या वेगळ्या आहेत. अपाचे सॉफ्टवेअर फाउंडेशन, १९९९ सालची, ही ५०१(सी)(३) खाली येते, म्हणजे धर्मादाय. तिथं सभासद होतात ती माणसं, कंपन्या नव्हेत. काम बघून जुने सभासद नव्याला निवडून घेतात. कंपनीनं कितीही देणगी दिली तरी मत मिळत नाही.

लिनक्स फाउंडेशन दुसऱ्या जातीची. ओएसडीएल आणि फ्री स्टँडर्ड्स ग्रुप या दोन संस्था एकत्र होऊन २००७ मध्ये झाली. ती ५०१(सी)(६), म्हणजे उद्योजकांची संघटना, आपल्याकडं व्यापाऱ्यांचं चेंबर असतं तशी. नफा वाटत नाही, पण सभासद कंपन्यांच्या सामायिक हितासाठी चालते. प्लॅटिनम सभासदाची वर्गणी वर्षाला ५ लाख डॉलर, गोल्डची १ लाख डॉलर. प्लॅटिनमवाल्याला संचालक मंडळावर जागा. लिनक्सचा जनक लिनस टोरवाल्ड्स याचा पगार तिथून होतो. अनेक सर्व्हरांवर सॉफ्टवेअर चालवणाऱ्या कुबरनेटीसची संस्था सीएनसीएफ (२०१५) तिच्याच छत्राखाली.

एक्लिप्स, म्हणजे प्रोग्राम लिहायचं एक साधन, त्याची गोष्ट अजून वेगळी. आयबीएमनं २००१ मध्ये तो कोड खुला केला, पण बाकीच्या कंपन्या हात लावेनात, कारण शेवटी ते आयबीएमचंच. म्हणून २००४ मध्ये स्वतंत्र फाउंडेशन केलं. आता तिचं बिऱ्हाड ब्रुसेल्सला आहे.

आता तुमच्या 'कऱ्हाड'बद्दल. हा शब्द संगणकावर लिहिता येतो तोच मुळी अशा एका संस्थेमुळे. युनिकोड कन्सॉर्शियम १९९१ साली कॅलिफोर्नियात नोंदली गेली, तीही ना-नफा. पैसा मोठ्या कंपन्यांच्या वर्गणीतून, आणि पूर्ण सभासदांना तांत्रिक समितीत मत. देवनागरीची मांडणी त्यांनी भारतीय लिप्यांसाठीच्या आपल्या १९८८ च्या इस्की प्रमाणावरून घेतली. आयफोन असो की स्वस्तातला अँड्रॉइड, कऱ्हाडचा ऱ दोन्हीकडं त्याच क्रमांकावर सापडतो. एकमेकांशी उभा दावा असलेल्या कंपन्या एका टेबलावर बसल्या म्हणून हे झालं. अशा संस्थांचं महत्त्व मी इथूनच मोजतो.

---

कोयनाकाठ

कऱ्हाडचाच आहे. पावतीचं वाचून वाईट वाटलं आणि दुरुस्तीचं वाचून बरं वाटलं. वाचतोय.

---

सहकार_तासगाव

मी सहकार खात्यात लेखापरीक्षक होतो, निवृत्त आहे. संगणकातलं मला मुलाइतकं कळत नाही, पण संस्था कशा चालतात आणि कशा बुडतात हे चौतीस वर्षं पाहिलंय.

कुपवाडकर, तुम्ही सांगितलेल्या दोन जातींत माझ्या दृष्टीनं एकच फरक मोठा आहे: मत कुणाला. आपल्या १९६० च्या सहकार कायद्यात एक सभासद, एक मत. एकाचे शेअर्स दहा हजारांचे असोत की दहा लाखांचे, सर्वसाधारण सभेत हात एकच वर होतो. ५ लाख डॉलर भरणाऱ्याला खुर्ची असेल तर ती संस्था वाईट असं मी म्हणत नाही, पण तिला समाजाची संस्था म्हणू नका. ती खुर्चीवाल्यांची आहे.

आता विश्रामबागकरांचा मूळ प्रश्न, त्या रात्री जागणाऱ्या माणसाचा. एक अनुभव सांगतो, संस्थेचं नाव घेत नाही. नदीकाठच्या एका गावात उपसा जलसिंचन संस्था होती. जॅकवेल उत्तम, मोटरी चांगल्या, पाइपलाइन साडेतीन किलोमीटर, सभासद दोनशेच्या वर. ऊस उभा होता आणि एका उन्हाळ्यात पाणी बंद पडलं. मी तपासणीला गेलो तेव्हा सगळे म्हणाले, मोटर जळाली. मोटर जळाली नव्हती. लाइनवर सतरा व्हॉल्व्ह होते. कुठला किती आटे फिरवायचा, कुठल्या चेंबरमध्ये हवा धरते, नदीचं पाणी उतरलं की फूटव्हॉल्व्ह कधी खाली सोडायचा, हे सगळं एका माणसाला ठाऊक होतं. पंप ऑपरेटर. त्याचा आठ महिन्यांचा पगार थकला होता आणि तो शेवटी कारखान्यावर कामाला निघून गेला होता.

संस्थेच्या ताळेबंदात इमारत निधी होता, अहवाल छपाई होती, वार्षिक सभेच्या जेवणाचा खर्च होता. ऑपरेटरचा पगार 'देणे' या सदरात पडून होता. दोनशे सभासदांपैकी एकानंही सभेत तो आकडा विचारला नव्हता, कारण पाणी येत होतं.

म्हणून माझा सल्ला असा. कुठल्याही संस्थेला पैसे देण्याआधी तिचा ताळेबंद मागा आणि त्यात ऑपरेटरचा पगार शोधा.

---

अजिंक्यताऱ्याखाली

काका, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला.

---

टेंभूरोड

मला एक समजत नाही. ज्या कंपन्या यावर अब्जावधी कमावतात त्या आहेत ना पैसे द्यायला? सांगलीतल्या सहा जणांनी का खिशात हात घालायचा? आपण आपलं वापरावं, चूक सापडली की कळवावी, झालं.

---

कुपवाडकर

टेंभूरोड, प्रश्न रास्त आहे. पण "त्या देतील" असं सगळ्यांनीच म्हटल्यावर काय होतं ते २०१४ च्या एप्रिलमध्ये दिसलं. ओपनएसएसएल नावाची लायब्ररी आहे. ब्राउझरमधलं कुलूप दिसतं ना, जगातल्या बहुतेक सर्व्हरांवर त्या कुलपाचं काम ती करते. त्यात हार्टब्लीड सापडलं. सर्व्हरच्या मेमरीतला मजकूर, कधी कधी थेट गुप्त किल्ल्यासुद्धा, बाहेरच्याला वाचता येत होत्या. नंतर कळलं, की त्या प्रकल्पाला वर्षाला देणग्या मिळत होत्या सुमारे २,००० डॉलर, आणि पूर्णवेळ माणूस होता एक. वापरणाऱ्यांत जगातल्या सगळ्यात श्रीमंत कंपन्या होत्या. कुणीतरी देत असेल असं प्रत्येकानं धरलं होतं.

इथं मात्र लिनक्स फाउंडेशन कामाला आली. दोनतीन आठवड्यांत तिनं डझनभर कंपन्या एकत्र केल्या, प्रत्येकीकडून वर्षाला किमान १ लाख डॉलर, तीन वर्षांसाठी. कोअर इन्फ्रास्ट्रक्चर इनिशिएटिव्ह नाव दिलं. त्यातून ओपनएसएसएलला पूर्णवेळ माणसं मिळाली. पुढं २०२० मध्ये त्याच विचारानं ओपनएसएसएफ ही सुरक्षेसाठीची संस्था उभी राहिली.

काका, तुमचा मतांचा मुद्दा खरा आहे आणि मी तो लपवणार नाही. लिनक्स फाउंडेशनमध्ये पूर्वी साध्या वैयक्तिक सभासदांमधून संचालक मंडळावर दोन जण निवडून जायचे. २०१६ च्या सुरुवातीला ती निवडणूक काढून टाकली. शिवाय तिच्या वार्षिक अहवालात खर्चाचा तक्ता बघितला तर खुद्द लिनक्स कर्नलवरचा वाटा अगदी छोटा दिसतो. बाकी शेकडो प्रकल्प, परिषदा, प्रशिक्षण.

पण उलटी बाजूही सांगतो. रेडिस हा मेमरीत माहिती ठेवणारा वेगवान डेटाबेस. २०२४ च्या मार्चमध्ये त्याच्या कंपनीनं कोड वापरण्याचा खुला परवाना एकाएकी बदलला. बाहेरच्यांनी वर्षानुवर्षं कोड दिलेला, पण नावाची मालकी कंपनीची होती. आठवड्याभरात जुन्या कोडवरून व्हॅल्की नावाचा प्रकल्प लिनक्स फाउंडेशनखाली सुरू झाला. मागं अ‍ॅमेझॉन, गुगल, ओरॅकल. त्याच्या आदल्या वर्षी क्लाउडवरचे सर्व्हर उभे करणाऱ्या टेराफॉर्मचंही असंच झालं आणि ओपनटोफू निघालं. आमच्या टीमनं दोन दिवसांत बदल केला आणि काम पुढं चालू. सातबारा कुणा एका कंपनीच्या नावावर नसला की हा फायदा होतो. गावठाणाची जमीन गावठाणाच्याच नावावर राहावी यासाठी चेंबर असलं तरी चालेल असं माझं मत.

---

सहकार_तासगाव

सातबाऱ्याचा मुद्दा मान्य. नाव सुरक्षित राहणं ही छोटी गोष्ट नाही. पण नाव राखणं वेगळं आणि ऑपरेटरला पगार देणं वेगळं. तुमच्या अपाचेत मत माणसाला आहे म्हणालात. तिथं काम करणाऱ्याला पगार मिळतो का?

---

कुपवाडकर

नाही, काका. बरोबर जागी बोट ठेवलंत. अपाचे सर्व्हर, कायदेशीर मदत, नावाचं रक्षण या गोष्टींवर खर्च करते. कोड लिहिण्याचे पैसे देत नाही. २०२१ च्या डिसेंबरमध्ये अपाचेच्याच लॉगफोरजे या नोंदी ठेवणाऱ्या लायब्ररीत भगदाड सापडलं तेव्हा मोठमोठ्या बँकांची धावपळ उडाली, आणि ते बुजवायला बसलेली मंडळी स्वयंसेवक होती. आपापल्या नोकऱ्या सांभाळून रात्ररात्र बसली. म्हणजे मत आहे तिथं पगार नाही, आणि पगार आहे तिथं मत पैशाला.

दोन्ही नसलेलं उदाहरण तर सगळ्यात वाईट. एक्सझेड नावाची फाइल दाबून लहान करणारी लायब्ररी, जवळजवळ प्रत्येक लिनक्सवर असते. सांभाळणारा एकटा. तब्येत, थकवा, आणि त्यानं २०२२ मध्ये लिहिलंही होतं, की हे बिनपगारी छंदाचं काम आहे. एक अनोळखी मदतनीस दोनेक वर्षं गोड बोलून, खरीखुरी कामं करून, विश्वास मिळवून आत आला आणि त्यानं मागचं दार बसवलं. २०२४ च्या मार्चअखेरीला ते उघडकीला आलं, कारण आंद्रेस फ्रॉइंड या पोस्टग्रेसच्या डेव्हलपरला सर्व्हरवर लॉगिन व्हायला अर्धा सेकंद जास्त लागतोय असं जाणवलं आणि तो खोदत गेला. त्या एकट्या माणसाच्या मागं पगार द्यायला कुठलीच संस्था उभी नव्हती.

---

विश्रामबागकर

हे वाचून झोप उडाली. आमच्या लायब्ररीवाल्यालाही उद्या असा कुणी 'मदतनीस' भेटला तर तो बिचारा हो म्हणेल. मी असतो तर मीही म्हटलं असतं.

---

अजिंक्यताऱ्याखाली

मी साताऱ्यात हायस्कूलला शिकवते. लॅबमध्ये बारा जुने संगणक आहेत, सगळ्यांवर लिब्रेऑफिस. त्यामागची संस्था द डॉक्युमेंट फाउंडेशन. ओरॅकलनं सन घेतल्यावर ओपनऑफिसच्या लोकांना भविष्याची खात्री वाटेना, म्हणून २०१० मध्ये ते वेगळे झाले आणि बर्लिनला रीतसर न्यास केला. काका, तिथं काम करून सभासद होता येतं, आणि काम म्हणजे फक्त कोड नाही. भाषांतर, चुका तपासणं, माहिती लिहिणं हेही धरतात. सभासद मत देऊन संचालक मंडळ निवडतात.

मला पैशाच्या चर्चेत एक गोष्ट राहून जातेय असं वाटतं. आमच्या जिल्ह्यात कर्मवीर अण्णांनी १९१९ साली काले गावी रयत शिक्षण संस्था सुरू केली. घराघरातून मूठ मूठ धान्य जमवून वसतिगृहं चालवली. बाईनं दळायला बसताना एक मूठ बाजूला ठेवायची. त्या मुठीनं किती पोती भरली हा हिशेब आहेच, पण शाळा आपली आहे हे त्या बाईला त्या मुठीनं वाटायला लागलं. सांगलीच्या सहा जणांची रक्कम लिनक्स फाउंडेशनच्या खात्यात दिसणारसुद्धा नाही. पण ऱ कसा असायला हवा हे त्या परदेशातल्या माणसाला जगातली कुठलीही प्लॅटिनम कंपनी सांगू शकली नव्हती. ते विश्रामबागकरांनी सांगितलं, तीन फोटो पाठवून. ती मूठ धरा हिशेबात.

नववीच्या मुलींनी गेल्या वर्षी लिब्रेऑफिसच्या मेनूतले चुकीचे मराठी शब्द वहीत टिपून ठेवलेत. सत्तावीस आहेत. कुठं पाठवायचे ते मला कुणी समजावून सांगितलं तर फार मदत होईल.

---

कोयनाकाठ

ताई, मी सांगतो. भाषांतराचं काम त्यांच्या वेबलेट या साइटवर चालतं, खातं काढायला पैसे लागत नाहीत. मी साताऱ्याला येऊन मुलींना दाखवतो, शनिवारी दुपारी चालेल का?

---

अजिंक्यताऱ्याखाली

चालेल. शाळा साडेअकराला सुटते, लॅब मी उघडी ठेवते.

---

सीए_मिरज

पैसे पाठवण्याबद्दल थोडक्यात. परदेशी संस्थेला दिलेल्या देणगीवर प्राप्तिकरातली ८०जी ची सूट मिळत नाही. ज्या संस्थेचं सभासदत्व तुमच्या धंद्याशी सरळ जोडलेलं आहे, तिथं व्यवसायखर्च म्हणून दाखवता येतं का हे कागद बघून ठरवावं लागतं. देणगी की वर्गणी की सेवेचं बिल, हे आधी नक्की करा. दरमहा कार्डावरून आपोआप कापून घेणं ऑक्टोबर २०२१ च्या रिझर्व्ह बँकेच्या नियमानंतर परदेशी साइटवर बऱ्याचदा अडतं, तेव्हा वर्षातून एकदाच पाठवलेलं बरं.

देशातल्या देशात द्यायचं असेल तर फॉस युनायटेड ही ना-नफा संस्था आहे, ती भारतातल्या ओपन सोर्स प्रकल्पांना अनुदान देते. आणि तुमच्या लायब्ररीवाल्याला हे कळवा: झिरोधानं २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये फ्लॉस फंड सुरू केला, वर्षाला १० लाख डॉलर, जगभरातल्या प्रकल्पांसाठी. अर्जासाठी प्रकल्पात एक ठरावीक माहितीची फाइल ठेवावी लागते.

---

सहकार_तासगाव

विश्रामबागकर, तुम्ही जँगो म्हणालात. मुलाला विचारून त्याची संस्था बघितली. जँगो सॉफ्टवेअर फाउंडेशन, २००८ ची, धर्मादाय. २०१४ पासून ते 'फेलो' नेमतात. त्या माणसांचं काम काय, तर आलेल्या तक्रारी तपासणं, दुसऱ्यांनी पाठवलेला कोड वाचून बघणं, सुरक्षेच्या दुरुस्त्या वेळेवर बाहेर काढणं. आणि त्याचे पैसे मिळतात. सभासद माणसं आहेत आणि ती संचालक निवडतात. संस्था लहान आहे, पण ताळेबंदात ऑपरेटरचा पगार पहिल्या ओळीत आहे.

माझ्याकडून २,००० रुपये धरा. सॉफ्टवेअर मी करत नाही, पण माझी पेन्शन ज्या पतसंस्थेत जमा होते तिथं तुमचंच चालतं.

---

टेंभूरोड

काकांनी दिले तर मी कसा मागं राहू? माझेही १,०००. वरचा माझा प्रतिसाद घाईत लिहिलेला होता.

---

विश्रामबागकर

सगळ्यांचे आभार. आज ऑफिसात बसून ठरवलं ते लिहितो.

प्रत्येक नव्या संस्थेच्या बसवणीच्या बिलातून ५०० रुपये आणि वार्षिक देखभालीच्या प्रत्येक बिलातून २०० रुपये वेगळ्या खात्यात. मार्चअखेरीला जे जमेल त्यातला मोठा भाग जँगो फाउंडेशनला, काकांनी म्हटलं त्या कारणासाठी. काका आणि टेंभूरोड, तुमचे पैसे त्यातच, आणि हिशेब याच धाग्यावर टाकीन. लिनक्स फाउंडेशनला आम्ही काही देणार नाही. तिथं देणारे आहेत, आणि कुपवाडकरांनी सांगितलेलं तिचं काम आमच्यावाचून अडत नाही.

लायब्ररीवाल्याला फ्लॉस फंडाचं कळवलं. त्यानं लिहिलंय, की पैशापेक्षा आधी त्याला एक गोष्ट हवीय. नवी आवृत्ती काढण्याआधी आपोआप तपासता येतील असे मराठी शब्द, आणि प्रत्येक शब्द बरोबर कसा दिसतो त्याचं चित्र. त्याच्याकडं आत्ता एकच शब्द आहे, 'कऱ्हाड'. आमच्या ऑफिसातली एक मुलगी पुढचे दोन आठवडे रोज एक तास हेच करणार आहे, पगारी वेळेत.

तेव्हा तुमच्या पावतीवर, सातबाऱ्यावर, लग्नपत्रिकेवर जे जे शब्द फुटलेले पाहिलेत ते इथं टाका. आमच्याकडून: शेतकऱ्यांसाठी, वऱ्हाड, कुऱ्हाडे, दऱ्या, ॲडव्हान्स.

---

अजिंक्यताऱ्याखाली

सातारच्या मुलींकडून: ताऱ्याखाली, पायऱ्या, तऱ्हा, बऱ्याच, सह्याद्री. शेवटचा फुटतो म्हणून नाही, पण ह्य आणि ऱ्य शेजारी ठेवून तपासावेत असं एकीनं सुचवलंय.

---

सहकार_तासगाव

गुऱ्हाळ घ्या. हंगामात आमच्याकडं रोजच्या पावतीत लागतो.